मोजणीसरांचा दोरा

आमच्या शाळेत इतिहास शिकवणारे एक सर होते. ते कुठलीही गोष्ट तीनदा मोजायचे. डब्यात भाकरी दोनच असायच्या, त्याही तीनदा. सहलीला पोरं मोजायला लागले की बस अर्धा तास उशिरा सुटणार हे ठरलेलं. आकडा तिसऱ्यांदा जुळला की स्वतःशीच पुटपुटायचे, "आता जुळलं. पण मघाशी का जुळत न्हवतं?" शिक्षकखोलीत सगळे त्यांना मोजणीसर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना राग येत नसे. राग यायला मनात जरा जागा लागते, आणि सरांचं मन काळजीनं काठोकाठ भरलेलं असायचं.

त्या काळजीचा खरा हंगाम मार्च-एप्रिलचा. दहावीच्या बोर्डाचे पेपर तपासायला त्यांच्याकडे यायचे, आणि त्यासाठी शाळा काही थांबत नव्हती. तास होते, नववीची वार्षिक होती, एक मेच्या निकालाची पत्रकं होती. बोर्डाच्या वाट्याला उरायचे पहाटेचे दोन तास. त्यात पेपर आपल्याकडे आहेत हे कुणाला कळू द्यायचं नाही हा नियम. म्हणून कुणी घरी येतो म्हणालं की सर घाईघाईनं सांगत, "आत्ता नको, घरी पावणं आल्यात." हे पावणे कोण, हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सरांचा मात्र समज असा, की कुणालाच पत्ता नाही.

शाहूपुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक या पावण्यांना दिलेली असे. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या, "मार्चात आमच्यात कायबी कार्य धरत न्हाईत बघा. त्या खोलीत मी चहासुदीक नेत न्हाय. उंबऱ्याभाईर ठेवतो आणि हाक मारतो. सांडला तर काय घ्या." कोल्हापूरच्या बायकांसारखं त्यांचं 'मी ठेवतो, मी मारतो' ऐकायला गोड वाटायचं, पण त्या दोन महिन्यांत त्यांच्याही आवाजात सरांची धास्ती उतरलेली असायची.

पेपर हातात घेतला की सर आधी पुरवण्या बघत. परीक्षेत शेवटच्या घंटेला पोरं जादा कागद कसेबसे बांधतात. सर तो दोरा सोडून आपल्या पांढऱ्या दोऱ्यानं नव्यानं बांधत. दोन वेढे, मध्ये बोटभर ढील आणि वर बारीकशी गाठ. "पान उलटलं पाहिजे, पण सुटाय न्हाय पाहिजे," असं म्हणायचे. मी एकदा हसले, तेव्हा ते गंभीर झाले. "बाई, पोरगं वर्षभर राबलंय. ते कोण, कुठलं, मला ठाऊक न्हाय. त्याचं एक पान माझ्या हातनं पडलं, तर ते काय माझ्या दारात विचारायला येणार हाय?"

मी तेव्हा नवीन होते. मराठी शिकवायचे आणि अजून कायम झाले नव्हते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या एप्रिलमध्ये इतिहासाच्या दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचाही नववीचा वर्ग सरांच्या गळ्यात पडला. वेळ पुरेना. तेव्हा सरांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. बोर्डाचे चार-पाच पेपर कापडी पिशवीत घालून शाळेत आणले आणि रिकाम्या तासाला शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात तपासायला बसले. "पाप करतोय बाई," मला म्हणाले, "पण कुणाला बोलू नका." मग त्याच टेबलावरचा नववीचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "ह्याच्या बेरजा तेवढ्या बघा."

त्या बेरजा मी दुपारी कळंब्याला घरी बसून पाहिल्या. दोन पेपरांच्या मध्ये एक सुटी पुरवणी सापडली. तपासलेली होती, खाली लाल शाईत सहा गुण. वरचा पेपर एका मुलाचा, बेरीज एकोणतीस. त्याचीच असणार म्हणून मी ती त्याला बांधून टाकली आणि एकोणतीसचे पस्तीस केले. पोरगा पास झाला. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी दोनदा चहा केला.

दोन दिवसांनी सकाळी सर शाळेत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. तपासलेले पेपर पुन्हा पाहणारे नियामक वारणानगरला राहत. त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंत गठ्ठा पोचवायचा होता. "बाई, एका पेपरावर लिहिलंय पुरवण्या तीन, आत दोनच हाईत. पहिल्या पानावर मी सहा गुण चढवल्यात, आणि ते उत्तरच न्हाय आत."

सहा म्हटल्यावर मला ती सुटी पुरवणी आठवली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला माझी नोकरी दिसत होती. सरांनी टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याची टोपली उलटी केली, मग सायकल हातात धरून गटारीच्या कडेनं बघत बघत पार शाहूपुरीपर्यंत चालत गेले. एप्रिलचं ऊन होतं. मी खिडकीतून बघत होते.

ते दिसेनासे झाल्यावर मी नववीचे पेपर ठेवलेलं कपाट उघडलं. पुरवणी उजेडात धरली तेव्हा कोपऱ्यात बोर्डाच्या परीक्षा केंद्राचा फिका शिक्का दिसला. हिसडा मारून ती काढली, तुटक्या दोऱ्याची गाठ घाईत भोकातच राहिली; पस्तीस खोडून मुलाची बेरीज पुन्हा एकोणतीस केली. तासाभरानं सर घामाघूम होऊन आले, तेव्हा मी म्हणाले, "कपाटामागे पडली होती, सर."

सरांनी कागद उलटसुलट पाहिला. दोऱ्याच्या भोकापाशी अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलंच नाही. जागेवर बसून पुरवणी बांधली, तीन पुरवण्या तीनदा मोजल्या आणि एसटी गाठायला निघून गेले.

कुणी विचारलेलं नसताना त्यांनी नियामकांना आपण होऊन सांगितलं, की पुरवणी सुटली होती आणि चूक त्यांची स्वतःची आहे. पुढच्या वर्षी ते स्वतः नियामक होणार असं सगळे धरून चालले होते. बोर्डाची ती नेमणुकीची चिठ्ठी आली नाही, नंतरही कधी आली नाही. निकालाच्या सभेत मात्र त्यांनी नववीतल्या त्या मुलासाठी वाढीव गुण मागितले, नेमके सहा. आणि दुसऱ्या मार्चला मला समोर बसवून म्हणाले, "ही गाठ शिकून घ्या." जमेपर्यंत उठू दिलं नाही.

दर मार्चला मी ठरवायचे, यंदा सांगायचं. आठ वर्षं नुसती ठरवतच राहिले. मी कायम झाले, माझ्याही घरी बोर्डाचे पेपर यायला लागले, तरी जीभ रेटली नाही. अखेर एका एप्रिलात सर निवृत्त झाले. शाल-नारळ झाला, माणसं पांगली. ते शिक्षकखोलीत आपला खण रिकामा करत होते. मी दार लोटलं आणि एका दमात सांगून टाकलं. "सर, ती पुरवणी कपाटामागे नव्हती. मीच ती नववीच्या पेपराला बांधली होती."

सर रिळावर दोरा गुंडाळत होते. त्यांचा हात थांबला नाही. "ठाऊक हाय की. कपाटामागं पडलेल्या कागदाला ताजा दोरा कुठनं येतोय? आणि गाठ अशी, की कुत्र्यालाबी सुटू नये. न्हायतर तुम्हाला गाठ कशाला शिकवली असती?"

"मग बोलला का नाहीत? तुमचं नियामकपद गेलं."

"पेपर शाळेत मी आणलेले. आणि तुम्ही कायम झाला न्हवता." मग दोऱ्याचं टोक रिळात खोचत म्हणाले, "भ्यायला मी एकटा पुरेसा होतो, बाई. दोघांनी कशाला भ्यायचं?"

मला रडू आवरेना. सरांना रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते कधीच कळलं नाही. त्यांनी ते रीळ माझ्या हातात ठेवलं आणि दाराशी जाऊन विचारलं, "यंदा तुमच्याकडं पावणं किती?"

"सांगायचं नसतं, सर."

"व्हय," ते म्हणाले. "पण मोजा तीनदा."