दुहेरी पिवळी रेघ

माझ्या बहिणीचा नवरा एल्डन प्रूइट याने आयुष्यात कुणाच्या पुढे गाडी काढली नाही. फेअर लँडिंगहून सेंट क्लेमंटला जाणारा आमचा रस्ता एका बाजूला कड्याला चिकटलेला, दुसऱ्या बाजूला खाली मिसिसिपी. त्यावरची दुहेरी पिवळी रेघ, म्हणजे इथे पुढे काढायला मनाई, ती रंगवण्यात एल्डनची रस्ते खात्यातली सगळी नोकरी गेली. ऑक्टोबरात पानं लाल झाली की शहरातली माणसं हा रस्ता बघायला येतात, वळणावर थांबून नदीचे फोटो काढतात. आम्ही फक्त समोरून कोण येतंय ते बघतो. स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं की नमस्कार झाला. एल्डन तर मागून येऊन, रेघ ओलांडून पुढे घुसणाऱ्यालाही बोट उचलायचा. "काही घाई असेल त्याला," म्हणायचा. माझी बहीण व्हीव्हा शेजारी बसून मान डोलवायची. भलेपणाची इतकी हौस मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिली नाही.

आमच्या शाळेचा फुटबॉलचा कोच हार्लन स्टोक्स वारला तेव्हा सगळं गाव त्याच्या मयताला लोटलं. व्हीव्हाला सकाळपासून बरं वाटत नव्हतं, म्हणून ती दोघं घरीच राहिली. दुपारी तिच्या छातीत कळा सुरू झाल्या. एल्डनने अँब्युलन्सला फोन केला, पण आमच्याकडे अँब्युलन्स गावातलीच माणसं हौसेने चालवतात, आणि तीच माणसं त्या वेळी हार्लनची शवपेटी उचलत होती. मग त्याने व्हीव्हाला आपल्या पिकअपमध्ये बसवलं आणि सेंट क्लेमंटच्या दवाखान्याकडे निघाला.

पहिल्याच वळणानंतर त्याला मयताच्या गाड्यांची रांग लागली. शेवटची गाडी माझी होती. आरशात एल्डनची पिकअप दिसली, भर दुपारी दिवे लावलेली. मयतामागे जाणारा दिवे लावतो आणि पुढे काढत नाही, ही आमची रीत. मला वाटलं, आली बाई शेवटी दोघं. मी आरशाकडे बघून बोट उचललं. त्यानेही उचललं.

आत काय चाललं होतं ते त्याने मला नंतर सांगितलं.

"व्हीव्हा, हॉर्न वाजवू?"

"खुळा आहेस का? हार्लनच्या मयताला हॉर्न वाजवतोस? लोक काय म्हणतील?"

"मग पुढे काढतो."

"रेघ दिसत नाही? तूच रंगवलीस ना?" मग थोड्या वेळाने, "वळतील रे आता दफनभूमीकडे. धीर धर."

हे ती त्याला सांगत होती. घामाने तिचा ब्लाउज अंगाला चिकटला होता, आणि आम्ही पायी चालणाऱ्याच्या चालीने जात होतो. माझ्या शेजारी रॉन्डा बसली होती, अँब्युलन्सवरचीच. तिची औषधांची बॅग मागच्या सीटवर होती. एकदा हॉर्न वाजला असता तर पुरे होतं.

दफनभूमीच्या फाट्यावर शेवटची गाडी वळेपर्यंत एल्डन थांबला. मग त्याने पिकअप जोरात सोडली. दवाखान्याच्या दारात नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली, व्हीव्हाच्या गळ्याला हात लावला आणि खुर्ची तशीच परत नेली.

मला व्हीव्हाचा भयंकर राग येतो. मेलेल्या माणसावर राग काढता येत नाही, म्हणून मी तो एल्डनवर काढते. गावाला मात्र करमणूक झाली. सकाळी कॉफीला जमणारे म्हातारे म्हणाले, "बायको गेली, पण रेघ नाही मोडली पठ्ठ्याने." एल्डन शेजारच्या टेबलावर अंडी खात होता. त्याने खाली मान घालून खाणं संपवलं.

हार्लनचा मुलगा ब्रेट मात्र एल्डनच्या घरी आला. त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मिस्टर प्रूइट, बाबांच्या मयताचा तुम्ही मान राखलात. मी जन्मात विसरणार नाही." एल्डनचे डोळे भरून आले. त्या एका वाक्यावर तो चार दिवस तगला.

व्हीव्हाला शनिवारी नेलं. त्याच रस्त्याने, हार्लनला नेलेल्या त्याच काळ्या गाडीतून. मागे मोजकीच माणसं, कारण त्या दिवशी बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला होता. काळ्या गाडीमागे एल्डनची पिकअप, शेजारी मी.

वळणावर मागून हॉर्न ऐकू आला, लांबलचक. एक ट्रक रेघ ओलांडून आमच्या बरोबरीला आला. मागे होडी बांधलेली, होडीत खऱ्या बदकांना भुलवायची नकली बदकं. चालवणारा ब्रेट स्टोक्स. तो आमच्या पुढे गेला, मग व्हीव्हाच्याही पुढे गेला. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

माझ्या तोंडात शिवी आली होती. एल्डनने स्टिअरिंगवरचं बोट उचललं.

"काही घाई असेल त्याला," तो म्हणाला.