खाटेपुरता सपाट

गळती बंद करण्याच्या धंद्यात त्यांना सगळे ढाळकाका म्हणत. बाल्कनी असो की गच्ची, त्यांचं म्हणणं एकच: रसायनाचे थर नंतर, आधी जमिनीला उतरता ढाळ द्या. पाणी थांबलं की मुरलंच म्हणून समजा. काम झालं की खिशातून काचेची गोटी काढून ते घरमालकाच्या हातात देत. "सोडा कुठूनही." गोटी आपली आपण पाणी जायच्या जाळीपर्यंत पोचली, तरच हात धूत.

माझी भाड्याची खोली त्यांच्या खोलीला लागून होती. साहित्यात एम.ए. झालेला मी, नोकरी शोधत होतो. ते मला मास्तर म्हणत.

"काय मास्तर, कविता कुठे गळत नाहीत ना?" असं विचारून स्वतःच हसत.

मग मालकाने दोन्ही खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मला मित्राकडे जागा मिळाली. काकांची बायको गेली होती, आता गुडघेही गेले होते. मुलगी तेवढी होती.

जावई म्हणाले, "बाल्कनीला काचा लावून घेऊ, तुमची खाट सहज मावेल. पण आधी तिची गळती मिटवा बाबा. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज जिना चढून भांडायला येतात."

काका खुशीत कामाला लागले. मी रिकामाच होतो, बघायला जायचो. जुनी फरशी फोडून त्यांनी नवा कोबा घातला. आतल्या कोपऱ्याशी आल्यावर मात्र त्यांची थापी आडवी फिरू लागली.

"काका, इथे ढाळ कुठाय?"

"इथे खाट येणार, मास्तर. रोज डोकं खाली, पाय वर करून झोपू का? जन्मभर लोकांच्या उतारावर उकिडवा बसलो. एवढा तुकडा माझा असू दे. काचा लागल्यावर इथे पाणी येतंय कुठून?"

कोबा वाळल्यावर रसायनाचे थर दिले. जाळीचं भोक बोळा कोंबून बंद केलं, बाल्कनीत पाणी भरून ठेवलं आणि खाली जाऊन काकूंचं छत पाहिलं. कोरडं होतं.

"चाचणीचं पाणी म्हणजे पाहुणा," ते म्हणाले. "दोन दिवस गोडच वागतो. मुक्काम ठोकला की भिंत पोखरतो."

वर फरशी बसली. गोटी त्या वेळी खिशातून निघालीच नाही.

काचा लागल्या. काका पिशवी घेऊन मुलीच्या घरी गेले, मी त्यांची गादी उचलून मागोमाग. दारातच मुलगी म्हणाली, "बाबा, कपडे धुवायचं मशीन बाथरूममध्ये मावेना. सासूबाई म्हणाल्या, बाल्कनीत ठेवू. तुम्ही सध्या हॉलमध्ये झोपा."

मशीन नेमकं त्या कोपऱ्यात होतं.

"बाकी कुठेही ठेवलं की थरथरतं," जावई कौतुकाने म्हणाले. "इथे बघा, गप्प उभं! बाबांनी जागा काय सपाट केलीय!"

काका हसले. गादी सोफ्यामागे गेली.

मशीनची नळी ठिबकायची. ते पाणी कोपऱ्यातच साचून राहायचं. काही महिन्यांनी खालच्या छतावर पुन्हा डाग उठला. मी काकांना भेटायला गेलो होतो तेव्हाच काकू वर आल्या.

"ढाळकाका म्हणे! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!"

जावयांचा चेहरा उतरला. "बाबा, लोकांकडे एवढं चोख करता. घरचं काम म्हणून हात आखडलात काय?"

मी तोंड उघडलं. "मास्तर, तू गप," काका म्हणाले. मुलगी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. त्या कोपऱ्यात बाबांची खाट यायची होती, हे तिला माहीत होतं.

काकांनी कोपरा पुन्हा फोडला. गुडघे वाकेनात, म्हणून फतकल मांडून, सरकत सरकत काम केलं. या वेळी ढाळ दिला, चांगला खणखणीत. थर दिले, पाणी भरलं, फरशी बसवली. मग गोटी मुलीच्या हातात ठेवली.

"सोड."

तिने कोपऱ्यातून सोडली. गोटी कुठेही न अडखळता जाळीपर्यंत गेली.

"बाबा, मशीन आता हलेल ना इथे?"

"एका बाजूला पाचर लाव. यंत्राला चालतं."

त्यांनी हात धुतले. रसायनांच्या दुकानदाराला गोदामावर रखवालदार हवा होता. त्याच संध्याकाळी मी गादी उचलली. "येत जा बाबा," मुलगी म्हणाली. जावयांनी लिफ्टचं बटण दाबून दिलं.

गोदामात पिंपांच्या दोन रांगांमध्ये मी गादी पसरली. काकांनी सवयीने खिशात हात घातला. गोटी तिकडेच राहिली होती. मग ते तळहाताने जमीन चाचपू लागले.

"बघ मास्तर, कशी आरशासारखी सपाट केलीय. पिंपं घरंगळू नयेत म्हणून."