नेव्हीची मेडिकल आणि माझं कोमट तेल

मैत्रिणींनो, आज जीव भांड्यात पडला!

उद्या लेकीची नेव्हीची मेडिकल आहे. कान स्वच्छ लागतात म्हणे, म्हणून काल मीच तिच्या कानात कोमट तेल घातलं. खरं सांगा, तुम्हीही घातलं असतं ना?

सकाळी गंगापूर रोडच्या कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते वैतागलेच. "ताई, पडदाच दिसत नाहीये! तेल कुणी घातलं?"

लेक माझ्याकडे बघेना. या भरतीसाठी वर्षभर पहाटे धावलीय हो पोरगी!

डॉक्टरांनी कान साफ केले, पुन्हा पाहिलं. "पडदा छान आहे. आता तेलाची बाटली कपाटात ठेवा."

घरी येऊन ठेवतच होते, तर लेक पुढ्यात येऊन बसली. "डोक्याला लाव गं आई. तिकडे कोण लावून देणार?"