मुलगा बघायला आलेला कोच

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, ट्रॉयला राहायचो. आमचे हे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, मी घरी, आणि एकुलता एक मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. तो मुळात सॉकर खेळायचा. शाळेच्या फुटबॉल टीमला किक मारणारा कुणी मिळेना, म्हणून त्यांनी ह्याला मागून घेतलं, आणि बघता बघता शुक्रवार संध्याकाळची मॅच म्हणजे आमचं व्रतच होऊन बसलं. अमेरिकन फुटबॉल मला आजही अर्धाच कळतो. पण आपल्या पोराने मारलेला चेंडू त्या दोन उंच खांबांमधून गेला की सगळे उभे राहून ओरडतात, हे कळायला फार अक्कल लागत नाही. मीही ओरडायचे.

मग दीड तासावरच्या एका कॉलेजच्या कोचचा फोन आला. घरी येऊन भेटतो म्हणाला. कॉलेजची माणसं चांगल्या खेळाडूंच्या घरी अशी जातात, आपल्या टीममध्ये खेळला तर फुकट शिकवतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. फुकट शिक्षणाचं अप्रूप ह्यांना. मला त्या दीड तासाचं होतं. पोरगा रविवारी जेवायला आला असता, नाहीतर मीच डबा घेऊन गेले असते. माझी सगळी माणसं भारतात राहिली होती, आता निदान हा तरी लांब जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्यालाही तिथेच जायचं होतं.

कोच आला त्या दिवशी घरात मुलगी बघायला येतात तसा थाट. मी कांदेपोहे केले. कोच चांगला दांडगा, आमच्या सोफ्यावर अवघडून बसला होता. म्हणाला, "शेजारच्या राज्यांतली कॉलेजं इथली मुलं पळवून नेतात. मग तीच मुलं येऊन आम्हाला हरवतात. घरची मुलं घरी राहिली, तरच आम्ही जिंकतो." अगदी माझ्या मनातलं बोलला. मी आणखी पोहे घेऊन गेले. तो "नो, थँक यू" म्हणाला, तरी मी वाढलेच, आणि त्याने मुकाट्याने खाल्ले.

मग तो मुद्द्यावर आला. पूर्ण स्कॉलरशिप देतो म्हणाला. ह्यांनी संकोचून दोन्ही हात हलवले. "नो, नो, धिस इज टू मच. याच्यापेक्षा चांगली मुलं असतील तुमच्याकडे. वी विल सी."

आता आपल्याकडे पहिल्या झटक्यात हो कोण म्हणतं? समोरच्याने आग्रह करायचा, आपण जरा आढेवेढे घ्यायचे, मग मान डोलवायची. मी त्या आग्रहाची वाट बघत उभी होते. कोचने सगळ्यांशी हात मिळवले आणि निघून गेला.

"करेल फोन," हे म्हणाले. "आपण उतावीळ दिसता कामा नये."

फोन आला नाही. एक दिवस पोरगा शाळेतून आला तो बॅग आपटतच. त्या कॉलेजने किक मारायला दुसऱ्या गावातला मुलगा घेतला होता.

"डॅड, यू सेड नो!"

"मी 'नाही' कुठे म्हटलं? आय वॉज बीइंग पोलाइट."

"अहो, मग फोन करून सांगा तसं," मी म्हटलं.

"आता काय, स्वतःहून मागायला जाऊ?"

असा संताप आला मला! ह्यांच्याशी बोलणंच सोडलं. शेवटी त्यांनी फोन केला. कोच चांगलं बोलला, पण जागा भरली होती.

हिवाळ्यात पलीकडच्या राज्यातला एक कोच आला. त्याचं कॉलेज सहा तासांवर. म्हणजे रविवारचं जेवण नाही, डबा नाही, मुलगा फक्त सुट्टीत दिसणार. कोच बोलत होता आणि पोरगा माझ्याकडे बघत होता, वडिलांकडे नाही. स्कॉलरशिपचं निघालं, तसा ह्यांनी घसा खाकरला.

त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "येस. ही विल कम."

पोरगा उठून मला बिलगला. इतका उंच झाला होता की माझं डोकं त्याच्या छातीशी आलं. मी रडतेय हे त्याला दिसलं नाही.