वाट्यावरचं पितळी बटन

त्या सकाळी तुलाराम दिघोरे तलावावर निघाला तेव्हा त्याच्या बटव्यात एक खूण कमी होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं काढून धोतराच्या कमरेला खोचली होती. चालताना ती पोटाला टोचत होती. टोचू दे, तो मनाशी म्हणाला, आज टोचायलाच पाहिजे.

हे खुणांचं प्रकरण आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कोंढा गावाच्या पलीकडे एका तलावाच्या काठी ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, वस्ती आहे. तिथं जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं, मासळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणायची आणि जितके वाटेकरी तितके ढीग घालायचे. कोणता ढीग कोणाचा, हे मोठ्या माणसानं ठरवायचं नाही. प्रत्येकाची एक खूण असते. कोणाची करंजीची बी, कोणाचा शिंपला, कोणाचा बांगडीचा तुकडा. वस्तीतलं एखादं लहान पोर डोळे मिटून बटव्यात हात घालतं आणि एकेका ढिगावर एकेक खूण टाकत जातं. ज्याची खूण पडली त्याचा तो ढीग. मग त्यात नुसती बारीक काटेरी मासळी निघाली तरी तोंडातून ब्र काढायचा नाही.

ढीग घालायचं आणि बटवा सांभाळायचं काम तुलारामचं, मिशा काळ्या होत्या तेव्हापासूनचं. माणूस महारागीट. ढिगाजवळ कोणी रेंगाळलं की "काहून गा, डोळ्यानंच खाऊन राहिला का?" म्हणून अंगावर धावायचा. स्वतःच्या बायकोला त्यानं कधी एक झिंगा जास्त दिला नाही, आणि ती बिचारी मरेपर्यंत त्यावरून त्याला टोमणे मारत राहिली. पण वाट्याच्या बाबतीत तुलारामकडे कोणी बोट दाखवलं नाही. त्याला आयुष्यात दुसऱ्या कशाचा अभिमानही नव्हता.

रिवाजाची दुसरी बाजू मात्र अंगावर काटा आणणारी. माणूस गेला की त्याची खूण जित्यांच्या खुणांत ठेवत नाहीत. तुलाराम ती वेगळी काढून कमरेला बाळगतो, आणि दहाव्याला घरचं माणूस ती पाण्यात सोडतं. मेलेल्याची खूण ढिगावर पडली तर तलाव आणखी एक माणूस मागतो, असं जुनी माणसं सांगत. तुलारामच्या लहानपणी ती चूक एकदा झाली होती, आणि त्याच पावसाळ्यात डोंगा उलटून त्याचा थोरला भाऊ गेला. खरं-खोटं देव जाणे. तुलाराम त्या पाण्यावर पोट भरत आला आणि त्या पाण्याला भीतही आला.

आज कमरेला टोचत होतं ते पितळी बटन फकिराचं होतं.

फकिरा म्हणजे शकुबाईचा एकुलता एक पोरगा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतरच्या वर्षांत भंडाऱ्याला फौजेची भरती निघाली. तलावाच्या पाळीवर धावून धावून पोट्ट्यानं छाती कमावली होती, तो लागला. वस्तीतून फौजेत गेलेला पहिलाच. ट्रेनिंग करून आला तेव्हा वस्तीची बैठक बसली. जाळं ओढायला तो नसणार, पण आपल्यासाठीच तर उभा आहे तिकडे, त्याचा वाटा राहिला पाहिजे, असं सगळे म्हणाले. तुलाराम आधी अडला, जो पाण्यात उतरत नाही त्याचा वाटा कसला म्हणून. मग रात्रभर तळमळला आणि सकाळी स्वतःच शकुबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. "पोराले सांग, आपली खूण देजो म्हणा." फकिरानं जुन्या वर्दीचं एक बटन तोडून दिलं.

त्या बटनाचं सगळ्यात जास्त वेड तुलारामच्या नातीला, रेणूला. ही पोट्टी म्हणजे प्रश्नांचं पोतं. फकिरा सुट्टीवर आला की शाळेतून येऊन ती दप्तर फेकायची आणि त्याच्या ओट्यावर बसायची. फौजेत सकाळी उठवते कोण? उशीर झाला तं मारते का? बंदूक घेऊन पोहते कसे? भूक लागली तं काय करते? फकिरा हसत हसत सगळं सांगायचा. एकदा तिनं विचारलं, "दादा, तुमच्यातला एखादा पडला तं?" शकुबाई आत भाकर थापत होती, तिचा हात थांबला. फकिरानं रेणूला उचललं, आडवी खांद्यावर टाकली आणि साऱ्या पाळीवरून धावत नेऊन आणलं. "असं करतो. पडलेल्याले सोडत नाई आमी. कितीबी दूर असो, घेऊन येतो." पोट्टी खिदळत होती. तुलारामला मात्र ते बघवलं नव्हतं, आणि का बघवलं नाही ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तेव्हापासून रेणू कोपरांवर सरपटत धानाच्या बांध्यांतून फिरायची, फ्रॉकच्या पार चिंध्या. तिची आई ओरडून ओरडून थकली. जेवताना मध्येच म्हणायची, "आबाजी, आपण गरम भात खाऊन राहिलो, अन् फकिरादादा बर्फात उभा असन ना?" खुणा टाकायचं काम तिच्याकडे आलं तेव्हा ते बटन हाताला लागलं की ती डोळे मिटलेलेच ठेवून कडक सलाम ठोकायची आणि मग ते ढिगावर टाकायची. सारी पाळ हसायची. शकुबाई पदरानं डोळे पुसायची आणि तो वाटा खारवून, वाळवून लेकासाठी मडक्यात भरून ठेवायची.

आदल्या दिवशी दिवेलागणीला फोन आला. शकुबाईकडे फोन नव्हता, फकिरानं खेमराजचा नंबर दिला होता. खेमराज म्हणजे तुलारामचा लेक, रेणूचा बाप. तो ऐकता ऐकताच मटकन खाली बसला. चौकीवर दोन दिवसांआधी बर्फ कोसळला होता. फकिरा गेला. साहेब लोक उद्या त्याला गाडीतून घेऊन येतील, तोवर आईला काही कळू देऊ नका, ती एकटी आहे, असं पलीकडचा माणूस परत परत सांगत होता.

चार शहाण्या माणसांनी मग ठरवलं, की उद्याचं जाळं ठरल्याप्रमाणे टाकायचं. नाही टाकलं तर शकुबाई विचारेल. पोरांना तर काही सांगायचंच नाही, पोरांच्या पोटात काही राहत नाही. तुलारामनं मान हलवली, घरी येऊन बटवा उघडला आणि बटन बाजूला काढलं. तेवढं आपलं काम झालं, असं त्याला वाटलं.

सकाळी पाण्यावर वाऱ्याची झुळूक नव्हती. एरवी जाळं ओढताना शिव्या, थट्टा, एकमेकांच्या बायकांवरून चिडवाचिडवी. आज दोर हातांतून नुसता सरकत होता. आणि मासळी तरी किती यावी! अशी रोहू कित्येक वर्षांत लागली नव्हती. दुसऱ्या कोणत्या दिवशी तुलाराम नाचला असता. आज त्याला पाण्याचा हा उदारपणा नको होता. शकुबाई पाळीवर टोपली घेऊन बसली होती. "भाऊजी, आज काहून सारे मुके झाले जी?" तिनं विचारलं. "ऊन लागून राहिलं," तुलाराम म्हणाला, आणि पाठ फिरवून ढीग घालू लागला.

हात सवयीचे. मन थाऱ्यावर नव्हतं, हातांनी आपलं काम केलं.

रेणू डोळे मिटून खुणा टाकत निघाली. करंजी पडली, शिंपला पडला, लोक मुकाट्यानं आपापले ढीग उचलू लागले. आणि शेवटी एक ढीग उघडाच राहिला. बटन काढायला तुलाराम विसरला नव्हता, पण फकिराचा ढीग त्याच्या हातांनी घातलाच होता.

रेणूनं बटव्यात हात फिरवला, बटवा उलटा करून झटकला, डोळे उघडले. "आबाजी, फकिरादादाचं बटन कुठी हाय?"

खेमराज जाळ्याकडे बघत राहिला.

"पडलं असन वो पोरी, पाह्य जरा गवतात," शकुबाई म्हणाली. टोपली ठेवून ती गुडघ्यांवर बसली आणि स्वतःच गवत चाचपू लागली. रेणूही तिच्या शेजारी. मग बाकीचेही वाकले. त्यांना ठाऊक होतं बटन तिथं नाही, तरी सगळे शोधत होते. म्हातारीचे ओले, खवले चिकटलेले हात गवत चाळत होते. "माया पोराची खूण हाय जी ते, पाहा जरा नीट," असं ती एकेकाला सांगत होती. तुलारामला ते सोसवेना. त्यानं कमरेची घडी उलगडली आणि बटन तळहातावर धरलं.

"सापडलं!" रेणू ओरडली.

शकुबाईनं वर पाहिलं. तिनं बटनाकडे पाहिलं नाही, तुलारामच्या उलगडलेल्या घडीकडे पाहिलं. तिचा नवरा गेला तेव्हा त्याचा शिंपला याच घडीतून निघाला होता, आणि तिनं तो स्वतःच्या हातानं पाण्यात सोडला होता. ती हळूहळू उठली. तिला उठायला कोणी हात दिला नाही, कोणाची हिंमतच झाली नाही.

"कवा?" तिनं विचारलं.

"काल समजलं," तुलाराम म्हणाला. एवढंच बोलता आलं, आणि त्या रागीट माणसाच्या डोळ्यांना धार लागली.

शकुबाई रडली नाही. ती रेणूकडे वळली. "पोरी, तो तुले सांगे ना, एखादा पडला तं काय करतेत म्हणून?"

रेणूला अजून काही कळलं नव्हतं. धडा विचारल्यासारखी ती पाय जुळवून ताठ उभी राहिली. "सोडत नाई, आजी. खांद्यावर घेऊन येतेत. कितीबी दूर असो."

"मंग आणतीन," शकुबाई म्हणाली. "घरीच येऊन राहिला तो. टाक ते बटन त्या ढिगावर."

वाकलेली माणसं दचकून उभी झाली. कोणीतरी "शकुबाई, नको..." म्हणालं आणि थांबलं. सगळे तुलारामकडे पाहू लागले. बटवा त्याचा, रिवाज त्याचा, आणि त्या पाण्यात गेलेला भाऊही त्याचाच. त्यानं एकदा तलावाकडे पाहिलं. पाणी तसंच होतं, एक लाट नाही. मग त्यानं बटन नातीच्या हातावर ठेवलं.

रेणूनं डोळे मिटले, सलाम ठोकला आणि दुसऱ्या हातानं बटन ढिगावर टाकलं. तेवढ्यात कोंढ्याच्या रस्त्यावर गाडीचा धुरळा दिसला. बायकांचा हंबरडा फुटला, शकुबाई धुरळ्याकडे चालू लागली, तरी पोट्टी सलाम धरून तशीच उभी होती. "हात खाली घे बाई" एवढं म्हणायचंही तुलारामच्या जिवावर आलं. तो फक्त तिच्या आणि पाण्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला.