नळे परतले

कुणी शिडी लावून छपरावर चढलेला दिसला की ते प्रकरण आजही डोळ्यांपुढे येतं. मी शिपायाचा जमादार झालो, शाळा चार यत्ता, तेव्हा भाषा सांभाळून घ्या. घरात हा विषय माझी बायको काढायची. ती गेली. आता कुणी काढत नाही, म्हणून लिहितो.

रत्नागिरी जिल्ह्यातलं बंदराचं गाव. नावं सांगत नाही. तिथल्या म्युनिसिपालिटीने आपल्या नोकरांसाठी चाळ बांधली होती. भाडं पगारातून कापायचं आणि छपराची डागडुजी म्युनिसिपालिटीने करायची, असा ठराव. त्या वर्षी मेंबरांची आपसात भांडणं. काम कुणाला द्यायचं ते ठरेना. भाडं कापायचं मात्र कुणी विसरलं नाही.

पावसाच्या तोंडावर म्युनिसिपालिटीचा ओव्हरसियर ठाण्यावर आला. चाळीतल्या एका रिकाम्या खोलीवरचे नळे, म्हणजे आमच्याकडची कुंभाराची अर्धगोल कौलं, चोरीला गेल्याची फिर्याद. शेजारच्या खोलीतला दिवाबत्तीवाला छपरावर चढला होता, अशी खबरही त्यानेच दिली. रस्त्यावरचे कंदील लावणारा हा गरीब माणूस. बायको नुकती बाळंत झालेली.

मी त्या दिवशी समन्स बजावायला खाडीपलीकडे गेलो होतो. ठाण्यात काय झालं ते मागाहून शिपायाने सांगितलं. आमचे फौजदार घाटावरचे, नवीन बदलून आलेले. त्यांनी त्याला समोर उभा केला.

"वर चढला होतास?"

"व्हय सायेब."

"नळ्यांना हात लावलास?"

"लावला. नळे परतले. पोर बारीक हाय, वरनं गळतंय."

"परतले? म्हणजे आधी घेतले होतेस."

"घेतले नाय सायेब. परतले."

"न घेता परत कसे केलेस रे? मला शिकवतोस?"

आमच्याकडे नळे परतणं म्हणजे पावसाआधी ते उतरवून, झाडून, फुटके काढून पुन्हा बसवणं. फौजदारांच्या मुलखात मातीची धाब्याची घरं, त्यांनी हे कुठून ऐकायचं? 'परत केले' असा कबुलीजबाब लिहिला आणि माणूस कोठडीत. शिपाई ओठ चावत उभे. बोलायची छाती कुणाची?

मी आलो तेव्हा त्याची बायको पोर पदराखाली घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसली होती. अटक झालेल्या नोकराची खोली खाली करून घ्यायची, असा म्युनिसिपालिटीचा नियम.

"जमादारानू, खोलीला कुलूप घालतायत. ह्या पोराला घेऊन मी कुठं जाऊ?"

"नवरा काय म्हणाला साहेबांना?"

"परतले म्हणाला. दुसरं काय म्हणंल?"

माझ्या ध्यानात आलं. पण मग रिकाम्या खोलीवरचे नळे गेले कुठे? दोन पंच घेतले आणि चाळीत गेलो. ओव्हरसियरला म्हटलं, रिकामी खोली उघडा.

"आत काय बघायचंय? चोरी छपरावरची आहे."

"उघडा."

कुलूप गंजलेलं, दगडाने फोडावं लागलं. आत जमिनीवर नळ्यांचा खच. फुटलेले, तुकडे झालेले, वर वानरांची घाण. छपराच्या भोकातून जमिनीपर्यंत उजेड पडला होता. कितीतरी महिने कुणी त्या खोलीचं दार उघडलं नव्हतं. चाळीतला एक म्हातारा डोकावून म्हणाला, "धरा जमादारानू चोराला. शेपटी लांब हाय, हातात गावंल."

मी फौजदारांना शब्दाचा अर्थ सांगितला, पंचनामा पुढे ठेवला. माणूस सरळ होता. त्यांनी कबुलीजबाब पुन्हा वाचला. मग शिपायांकडे बघून म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं, तर तोंडं का शिवली होती?" दिवाबत्तीवाला सुटला, खोलीही मिळाली. पण म्युनिसिपालिटीने त्याचा अंगठा घेतला. पुन्हा छपराला हात लावला तर खोली गेली.

पुढच्या वर्षीही डागडुजी झाली नाही. माझी बायको त्या पोराला बघून आली आणि मला म्हणाली, "त्याची आई पाळणा ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत बसलेय. तुम्ही जा नि परता ते नळे."

मी साध्या कपड्यात गेलो, शिडी लावली, चार नळे उतरवले. एवढ्यात तो धावत आला.

"उतरा जमादारानू."

"अरे, पोर भिजतंय तुझं."

"भिजंल. मला सोडवायला तुमी व्हताव. तुमाला सोडवायला कोण येणार?"

शिडी धरून उभाच राहिला. ते चार नळे जागेवर ठेवले आणि उतरलो.

त्यानंतर त्या चाळीत कुणीच नळ्याला हात लावला नाही. वासे कुजले, भिंती बसल्या. शेवटी म्युनिसिपालिटीने चाळ राहण्यालायक नाही म्हणून खाली करवली. दिवाबत्तीवाला बायकापोरांना घेऊन कुठे गेला, ते कळलं नाही.

पुढे जबाब घेताना मी माणसाला त्याच्या शब्दाचा अर्थ विचारूनच लिहीत असे. एवढं शिकलो. पण कागदावरचा शब्द दुरुस्त झाला म्हणजे माणूस सुटला, असं आम्ही पोलीस समजतो. तो माणूस त्या कोठडीतून पुरता कधी बाहेर आलाच नाही.