विस्कटलेला कोपरा

चांगुणाताईंना कोणी चित्रकार म्हटलं की त्या तोंडाला पदर लावून हसतात. ब्रश त्यांनी कधी हातात धरलाच नाही. चिमटीतून रंग सोडायचा, एवढंच त्यांना येतं. मी शाळेत चित्रकला शिकवते. पंचवीस वर्षं मुलांनी काढलेल्या फळांच्या टोपल्या तपासून माझी नजर पार आखीव झाली आहे. त्या नजरेपायीच मी घोडचूक केली.

आम्ही शेजारी. त्यांचे यजमान नवनाथभाऊ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि पेंगुळल्या डोळ्यांनी दारातल्या रांगोळीचा एक कोपरा हमखास तुडवायचे.

"डोळे फुटले का वो तुमचे?" चांगुणाताई ओरडायच्या. भाऊ बूट हातात घेऊन हसत उभे. आमच्या गल्लीचा दिवस तिथून सुरू व्हायचा.

गेल्या वर्षी भाऊ झोपेतच गेले. घरातलं माणूस गेलं की वर्षभर दारात रांगोळी काढत नाहीत. ताईंचे हात एकदम रिकामे झाले. त्या रडल्यासुद्धा नाहीत. एका दुपारी त्यांनी द्राक्षांचं रिकामं खोकं फाडून सपाट केलं, त्यावर खळ फासली आणि रांगोळीचे रंग सोडू लागल्या. ठिपके नाहीत, कमळ नाही, मोर नाही. जांभळ्यातून राखाडी निघायचा, राखाडी पिवळ्यात विरायचा. बघता बघता वाटायचं, आपण पहाटेच्या धुक्यातून चाललोय आणि पुढे कोणीतरी ओळखीचं चालतंय, फक्त मागे वळून बघत नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मला काय ठावं, बाई? हात चालतो तवर छातीवरचा दगड हलका होतो."

खोकी वाढत गेली. घरभर भिंतींना रंगीत धुकं टेकलं. प्रत्येक चित्राचा एक कोपरा मात्र विस्कटलेला. मला ते फार खुपायचं. एकदा त्या पाणी भरायला गेल्या, तेव्हा मी शहाणपणा करून एका चित्राचा कोपरा छान भरून टाकला. परत येऊन त्यांनी तो बघितला. पुढचे कित्येक दिवस माझ्या दारावरून खाली मान घालून जात राहिल्या.

वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या सकाळी त्यांच्या नणंदेनं, कुसाबाईंनी, रांगोळीचा डबा पुढे केला. "काढ आता. दार किती दिस असं ओकंबोकं ठेवायचं?"

ताईंनी हात मागे घेतला. "काढीन, वन्सं. पण ती दिवसभर तशीच राहील ना. तुडवायला कोण हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर त्या कोपऱ्यात भाऊ घरी येत होते, आणि मी त्यांची वाट बुजवून टाकली होती.

शेवटी ताई उंबऱ्यापुढे बसल्या. खोक्यांवरचं ते सगळं धुकं हळूहळू जमिनीवर उतरलं. मग आत जाऊन त्या भाऊंचे बूट घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवले.

"कोपरा तुम्ही बुजवला व्हता, बाई. आता तुम्हीच घाला."

मी त्या मोठ्या बुटांत पाय घातले आणि रांगोळीवर एक पाऊल टाकलं.

"डोळे फुटले का वो तुमचे?" चांगुणाताई ओरडल्या, आणि वर्षात पहिल्यांदा हमसून हमसून रडल्या.